आधी मोजा, मग शिव्या द्या: उदय पारीक यांची गोष्ट

रविवारची सकाळ आहे, पिंपळे गुरवमध्ये माझ्या खोलीचं दार लावून बसलोय. मागून कुकरची शिट्टी किंवा भंगारवाल्याची हाक आली तर सांभाळून घ्या.

आज एका मानसशास्त्रज्ञाबद्दल बोलायचंय. दवाखान्यातल्या नाही, कामाच्या ठिकाणच्या. पण त्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय मी या माणसापर्यंत पोचलोच नसतो.

गेल्या वर्षीचा एप्रिल. माझं अप्रेझल होतं. पंचवीस मिनिटांचा कॉल, दोघांचेही कॅमेरे बंद. मॅनेजर म्हणाले, ‘सगळं बरं आहे, पण ओनरशिप कमी पडते.’ मी विचारलं, ‘म्हणजे नेमकं कुठे?’ तर म्हणाले, ‘ओव्हरऑल.’ मग इनक्रिमेंटचा आकडा, थँक यू, कॉल संपला.

त्या संध्याकाळी हिंजवडीहून बाईकवर निघालो आणि घरी न जाता डायनासोर गार्डनपाशी थांबलो. आत पोरं डायनासोरसमोर उभी राहून फोटो काढत होती. मी बाहेर कट्ट्यावर बसून एकच शब्द चघळत होतो, ओव्हरऑल. म्हणजे मी सगळाच कमी? पुढचे दोन महिने पहाटे तीनला जाग यायची. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडून होता. घरी कोणाशी नीट बोलत नव्हतो.

माझे बाबा टर्नर होते. तीस-बत्तीस वर्षं भोसरी, चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत मशीनवर उभं राहून काढली. एका रात्री मी किचनमध्ये पाणी पीत उभा होतो, तर ते उठून आले. म्हणाले, ‘नक्की काय चुकलं तुझं?’ मी म्हटलं, ‘तेच तर कळत नाहीये.’ ते म्हणाले, ‘अरे, चुकलं काय ते सांगता येत नाही आणि शिक्षा मात्र रोज भोगतोयस. आमच्याकडे जॉब रिजेक्ट झाला ना, की आधी व्हर्नियर लावायचो. मोजायचो. मग ठरवायचं, चूक ऑपरेटरची, टूलची की ड्रॉइंगची. न मोजता शिव्या देणारा सुपरवायझर आम्हाला कधीच आवडला नाही.’

मला ते वाक्य लागलं. पण माणसाच्या कामाला व्हर्नियर कुठून आणायचा?

तो सापडला मावसबहिणीच्या एमबीएच्या पुस्तकांत. ती लग्न होऊन गेली, पुस्तकं आमच्या माळ्यावर. त्यातल्या एका जाडजूड पुस्तकात एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं, उदय पारीक. मी आधी कधी ऐकलंच नव्हतं. आणि गंमत बघा, ज्या अप्रेझलने माझी झोप उडवली होती, त्याच अप्रेझलशी या माणसाचं नाव जोडलेलं निघालं. आणि ती गोष्ट घडली होती आपल्या मुंबईतल्या कंपनीत.

तर, कोण हे उदय पारीक?

जन्म १९२५ सालचा, जयपूरचा. शिक्षण मानसशास्त्रात. त्यांचं सुरुवातीचं मोठं काम कारखान्यांवर नव्हतं, लहान मुलांवर होतं. रोझेनझ्वाइग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची एक चाचणी आहे. त्यात कॉमिकसारखी चित्रं असतात. एका माणसाचा काहीतरी वैताग झालेला असतो, समोरचा काहीतरी बोलतो, आणि पहिल्याच्या तोंडाशी रिकामा फुगा असतो. तो फुगा तुम्ही भरायचा. समजा, गाडीने तुमच्या कपड्यांवर चिखल उडवला. तुम्ही काय म्हणाल? ‘दिसत नाही का?’ हा राग बाहेर. ‘मीच कडेने चालायला हवं होतं,’ हा राग आत. ‘जाऊ दे, चालायचंच,’ हा कोणावरच नाही. या चाचणीचं मुलांसाठीचं भारतीय रूप पारीक यांनी तयार केलं, १९५० च्या दशकात.

म्हणजे करिअरच्या सुरुवातीलाच त्यांचा प्रश्न हा होता: काहीतरी बिघडलं की माणूस दोष कोणाच्या माथी मारतो?

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटलं. कारण माझा फुगा मला दिसला. अप्रेझलच्या कॉलनंतर माझा सगळा राग आत गेला होता. ‘मीच कमी.’

पुढे १९६४ मध्ये त्यांनी त्रिवेदी नावाच्या सहकाऱ्याबरोबर ग्रामीण कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती मोजण्याची पट्टी बनवली. तुमच्या ओळखीत कोणी एमबीबीएस करत असेल तर विचारा, सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या अभ्यासात ही पारीक पट्टी अजून भेटते. थोडक्यात, हा माणूस आयुष्यभर मोजपट्ट्या बनवत राहिला. नुसतं ‘वाटतं’ म्हणून सोडून द्यायचं नाही, नाव द्यायचं, भाग पाडायचे, मोजायचं.

आता येऊ १९७४ वर. पारीक तेव्हा अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक होते. मुंबईची लार्सन अँड टुब्रो, म्हणजे आपली एल अँड टी, दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ मध्ये सुरू केलेली, तोवर चांगलीच मोठी झाली होती. कंपनीने पारीक आणि त्यांचे तरुण सहकारी टी. व्ही. राव यांना बोलावलं. काम साधं होतं: आमची अप्रेझलची पद्धत बघा आणि कशी सुधारायची ते सांगा.

त्या काळी आपल्याकडे अप्रेझल म्हटलं की बहुतेक ठिकाणी ‘गोपनीय अहवाल’. साहेब वर्षाच्या शेवटी काहीतरी लिहिणार, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच ते दिसणार नाही. सरकारी नोकरीत असलेल्या काका-मामांना विचारा, सीआर शब्द काढला तरी ते सरसावून बसतील.

या दोघांना फॉर्म दुरुस्त करायला बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं की नुसता फॉर्म बदलून भागणार नाही. माणसाने वर्षभरात काय केलं हे बघणं वेगळं. तो पुढे काय करू शकेल हे बघणं वेगळं. त्याच्याशी बसून बोलणं, ऐकणं, मदत करणं हे वेगळं. त्याची पुढची वाट आणि त्याचं प्रशिक्षण वेगळं. या सगळ्याकडे स्वतंत्र लक्ष द्या, पण एकमेकांना जोडून. या जोडलेल्या रचनेला त्यांनी नाव दिलं ‘ह्युमन रिसोर्स डेव्हलपमेंट सिस्टिम’. १९७५ मध्ये एल अँड टीने तसा विभाग सुरू केला. भारतातला अशा प्रकारचा तो पहिला विभाग मानतात.

आता तुमचं शेवटचं अप्रेझल आठवा. मागच्या कामाचा हिशेब, पुढची वाट, सल्ला आणि पगार, सगळं एका कॉलमध्ये. पगाराचा आकडा कानावर पडल्यावर सल्ला कोणाच्या डोक्यात शिरतो? माझ्या तरी नाही शिरला. पन्नास वर्षांपूर्वी जे भाग सुटे करून दाखवले होते, ते आपण पुन्हा एकाच मिक्सरमध्ये घातलेत. विभागाचं नाव राहिलं, त्यातलं ‘डेव्हलपमेंट’ बऱ्याच ठिकाणी गळून पडलं.

बरं, पण मला व्हर्नियर सापडला तो दुसऱ्याच ठिकाणी.

पारीक म्हणायचे की पद वेगळं आणि भूमिका वेगळी. पद म्हणजे उतरंडीतली तुमची जागा. सिनिअर इंजिनिअर, टीम लीड, जे काही असेल ते. भूमिका म्हणजे त्या जागेवरच्या माणसाकडून इतरांच्या अपेक्षा, अधिक त्याच्या स्वतःच्या अपेक्षा. आणि कामाचा ताण पुष्कळदा या अपेक्षांच्या गुंत्यात असतो. अमेरिकेत रॉबर्ट काह्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये भूमिकांमधली टक्कर आणि धूसरपणा यांवर लिहिलं होतं. पारीक यांनी त्याच दिशेने पुढे जाऊन भूमिकेच्या ताणाचे दहा प्रकार वेगळे केले. ते मोजायची त्यांची चाचणी आहे, ५० वाक्यांची, प्रत्येक प्रकाराला पाच वाक्यं.

ते दहा प्रकार माझ्या भाषेत सांगतो. मनातल्या मनात टिक करत चला.

एक, घर आणि ऑफिस यांतली ओढाताण. दोन, साचलेपण, त्याच खुर्चीत तेच काम. तीन, अपेक्षांची टक्कर, एक साहेब उजवीकडे ओढतोय, दुसरा डावीकडे. चार, झीज, म्हणजे जे काम आपलं वाटायचं ते हळूहळू दुसऱ्याच्या हातात जातं. पाच, बोजा. सहा, तुटलेपण, ज्यांच्याशी काम जोडलंय त्यांच्याशी बोलणंच नाही. सात, आपलं ज्ञान किंवा कौशल्य कमी पडणं. आठ, मी वेगळा आणि माझं काम वेगळं, मनाला न पटणारं करावं लागणं. नऊ, धूसरपणा, नक्की काय अपेक्षित आहे तेच माहीत नसणं. दहा, साधनांचा तुटवडा.

झाले दहा? आता बघा. या दहांत ‘मी कमी पडतो’ असं म्हणता येईल असा प्रकार किती? एक. फक्त सातवा. आणि आपण रात्री तीनला उठून दहाही गोष्टींची शिक्षा त्या एकाच खात्यावर टाकतो.

मी ही यादी बाबांना वाचून दाखवली. चौथ्या प्रकाराला त्यांनी हात वर केला. म्हणाले, ‘थांब.’ मग सांगितलं, नवीन सीएनसी मशीन आल्यावर त्यांना इन्स्पेक्शनला बसवलं होतं. पगार तोच, उलट बसायला खुर्ची मिळाली. पण सेटिंगचं काम गेलं. ज्या कामासाठी अख्खं शॉप त्यांना हाक मारायचं, ते गेलं. ‘तुझ्या आईला वाटायचं आराम मिळाला. मी घरी येऊन चिडचिड करायचो आणि मलाच कळायचं नाही का.’ मी तेव्हा सातवीत होतो. मला ती चिडचिड आठवते. तिला नाव आहे हे आम्हा दोघांना इतक्या वर्षांनी कळलं.

मग मी वही घेतली. मूळ चाचणी नीट लावायची तर जाणकार लागतो, त्यामुळे मी चाचणी दिली असं म्हणणार नाही. मी फक्त दहा नावं लिहिली आणि प्रत्येकाला दहापैकी प्रामाणिकपणे मार्क दिले. धूसरपणा नऊ. अपेक्षांची टक्कर आठ, कारण इथले मॅनेजर म्हणायचे तिकिटं पटापट बंद कर, आणि क्लायंटकडचा लीड म्हणायचा पूर्ण टेस्ट केल्याशिवाय हात लावू नकोस. साधनं सात, कारण ‘ओनरशिप घे’ म्हणणाऱ्यांनी मला प्रॉडक्शनचे लॉग बघायची परवानगीच दिलेली नव्हती. आणि सातवा प्रकार, माझं कौशल्य? चार. शून्य नाही, हे पण खरं. डेटाबेसच्या क्वेरी मला खरंच जमत नव्हत्या आणि मी ते लपवत होतो.

दोन महिन्यांत पहिल्यांदा ‘ओव्हरऑल’चे तुकडे झाले होते.

मी मॅनेजरकडे अर्धा तास मागितला. पगारावर बोलणार नाही, हे आधीच सांगितलं. तीनच गोष्टी नेल्या. लॉगची परवानगी द्या. तुम्ही आणि क्लायंटचा लीड मिळून एकदा ठरवा, आधी वेग की आधी टेस्ट. आणि ओनरशिप म्हणजे माझ्या कामात काय दिसायला हवं, त्याचं एक उदाहरण द्या. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मलाही वरून हाच शब्द आलाय.’ म्हणजे धूसरपणा त्यांच्या खुर्चीतही होताच!

पुढे सगळं छान झालं असं नाही. परवानगी आठवड्याभरात मिळाली. वेग की टेस्ट, हे भांडण आजही चालू आहे. क्वेरी मी रोज सकाळी पाऊण तास बसून शिकलो. राजीनाम्याचा ड्राफ्ट अजून आहे, उडवला नाही. पण झोप लागायला लागली.

दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली, याचा अर्थ सगळा दोष कंपनीचा असं नाही. पारीक यांनी ताणाइतकंच भूमिका परिणामकारक कशी करायची यावरही काम केलं. आपण नुसते अपेक्षा झेलणारे नसतो, भूमिकेला आकार देणारेही असतो, हा त्यांचा आग्रह होता. दुसरी, भूमिका मोजणं हा आजारावरचा इलाज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउट ही कामाशी जोडलेली अवस्था आहे असं म्हटलं, आजार नव्हे. पण त्या अवस्थेमागे नैराश्य असू शकतं. झोप, भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पारीक मार्च २०१० मध्ये गेले. शेवटपर्यंत लिहीत, शिकवत होते. आपल्या पट्ट्यात सकाळी नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत रांगेत उभे असलेल्या कितीजणांनी त्यांचं नाव ऐकलं असेल? पण दरवर्षी त्यांच्यापैकी बहुतेकजण कुठला ना कुठला अप्रेझल फॉर्म भरतात.

तर या आठवड्यात एक करा. दहा नावं लिहा, मार्क द्या. आणि घरात कोणी कारखान्यात राबलेलं असेल, आई, बाबा, काका, तर त्यांनाही यादी वाचून दाखवा. कोण कुठल्या नंबरला हात वर करतंय बघा.

भेटू पुढच्या रविवारी. कुकरची तिसरी शिट्टी झालीये, आई हाक मारतेय. काळजी घ्या!