शिकारी पक्षी आणि शाळेची नोंदवही



मुळशीच्या खोऱ्यातील मुलाला घार कोणती, हे सांगावे लागत नाही. अंगणात कोंबडीची पिले चरत असता जमिनीवरून घारेची सावली सरकली, की घरातील म्हातारी ओरडत बाहेर येते आणि पिलांवर डालगे झाकते. शिकारी पक्ष्यांविषयीचा पहिला पाठ मुलाला असा घरीच मिळतो. परंतु तो पाठ भीतीचा व वैराचा असतो. त्याला निरीक्षणाची जोड देणे हे शाळेचे कार्य होय.

या कार्यास मुळशी तालुक्यासारखे क्षेत्र क्वचितच लाभेल. पौडहून धरणाच्या काठाने माणगावकडे जाणारा रस्ता ताम्हिणीच्या घाटात उतरतो. तेथील अरण्य २०१३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. उंच कडे, खोल दऱ्या, सदाहरित झाडी आणि पाण्याचे सान्निध्य एकत्र असल्याने शिकारी पक्ष्यांना तेथे आसरा व भक्ष्य दोन्ही मिळते.

सहलीसाठी पावसाळा सरल्यानंतरचे दिवस निवडावेत. इतर पक्षी पाहण्यास पहाटे निघावे लागते. गरुड पाहण्यास तेवढी घाई नको. ऊन चढून कातळ तापला म्हणजे त्यावरील हवा ऊन होऊन वर जाऊ लागते. रुंद पंखांचे पक्षी या चढत्या हवेवर, पंख न हालविता, घिरट्या घेत वर जातात. म्हणून सकाळी नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. ‘तापलेली हवा वर जाते’ हे विज्ञानाच्या पुस्तकातील वाक्य मुलांना त्या वेळी आकाशात प्रत्यक्ष दिसते.

उडणाऱ्या पक्ष्याचा रंग नीट दिसत नाही; म्हणून प्रथम आकार आणि उडण्याची रीत पाहावयास शिकवावे. शेपटीच्या टोकाला खाच असेल तर ती घार. भातखाचरावर एकाच जागी पंख फडफडवीत थांबणारी, खांद्यावर काळा डाग असलेली पांढुरकी कापशी. ती मुख्यतः उंदीर टिपते. चार-सहा वेळा पंख मारून मग तरंगत जाणारा पारव्याएवढा शिक्रा. पंखांच्या खालच्या बाजूस रुंद पांढरा पट्टा दिसला आणि तीक्ष्ण शीळ ऐकू आली, तर तो सर्पगरुड. झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ लागून संथपणे फिरणारा, पिवळ्या पायांचा काळा गरुड लहान पक्ष्यांची घरटी धुंडाळीत असतो. एका सहलीत एवढी पाच नावे पक्की झाली, तरी पुष्कळ झाले.

अभयारण्यात जाण्यापूर्वी वनखात्याची अनुमती घ्यावी आणि वाटा जाणणारा स्थानिक मार्गदर्शक बरोबर असावा. तुकडी लहान ठेवावी. घाटातील वाहनांपासून आणि कड्याच्या काठापासून मुलांना दूर बसवावे. वर पाहणाऱ्याचे पायांकडे लक्ष नसते. दुर्बीण एक असली तरी चालेल, मात्र ती सूर्याकडे रोखू नये, हे प्रत्येक मुलाला निक्षून सांगावे.

मुले घरट्याजवळ जाण्यास उतावीळ होतील. तेथे शिक्षकाने ठाम राहावे. सर्पगरुडाची मादी बहुधा एकच अंडे घालते. माणसांच्या वर्दळीने ती घरटे सोडून गेली, तर त्या जोडीचे वर्ष वाया जाते. एखाद्या मुलाला घरटे आढळले, तर त्याचे कौतुक करावे. पण ती जागा गावभर सांगू नये. शिकारी पक्ष्यांना मारणे किंवा त्यांची अंडी काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही मुलांना कळावे.

“घार आमची पिले नेते, मग तिला का राखावे?” असे एखादा पालक विचारील. त्याचे म्हणणे खोटे ठरवू नये, कारण घार पिले नेते हे खरे आहे. त्यावर उपाय डालग्याचा व बंद खुराड्याचा आहे, गलोलीचा नव्हे. जो आकाशातून पिलू नेतो, तोच खाचरातील उंदीरही नेतो आणि गावाबाहेरची घाणही साफ करतो.

ही साफसफाई पूर्वी मुख्यतः गिधाडे करीत. आज गिधाडाची आठवण वडीलधाऱ्यांना असते, मुलांना नसते. हा ऱ्हास जगाच्या ध्यानी आला तो मोजणीमुळे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करताना मोजल्या होत्या. १९९६ साली त्यांतील १५० उरल्या आणि पुढे काही वर्षांतच तेथे एकही जोडी राहिली नाही. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली प्रसिद्ध झाले; २००६ साली भारतात गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. गिधाडे विपुल असताना ती मोजणारा कोणी नसता, तर ती किती गेली हे कोण सांगू शकले असते?

म्हणून सहलीचे खरे फळ शाळेच्या नोंदवहीत आहे. तारीख, वेळ, स्थळ, पक्ष्याचे नाव आणि संख्या, एवढे पाच रकाने पुरेत. ओळख न पटल्यास ‘अनोळखी’ असेच लिहावे. अंदाजाने नाव लिहिण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक होय. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांमधील या आठवड्यात वही सुरू करावी आणि दर आठवड्यास निदान गावावरील घारी तरी मोजाव्यात.

घारी आज पुष्कळ आहेत, त्यांत मोजण्यासारखे काय, असे मुले म्हणतील. गिधाडेही एके काळी पुष्कळ होती, एवढे त्यांना सांगावे आणि वही उघडून पुढे ठेवावी.