गाडी आहे, पण ती उभी का राहते?

(मिहानजवळ भरलेल्या सहकारी मंडळींच्या बैठकीतील भाषण)



मिहानमधलं एम्स तुम्ही पाहिलं असेल. नागपूरकराला ते सोपं आहे. मेट्रोनं खापरीला उतरायचं, पुढं ऑटो. आमच्या माडिया आणि गोंड कुटुंबांचं तसं नाही. गडचिरोली शहरच इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. त्याच्या अलीकडची पायवाट आणि नाले वेगळे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. पण सकाळची ओपीडी गाठायला आदल्या दिवशी निघावं लागतं. रात्र कुठं काढायची? म्हणून तुमच्या दानातून मिनीबस आली.

गाडीसाठी पैसे लवकर जमले. गाडीला हार घालता येतो, फोटो निघतो. डिझेलला हार कोण घालणार? विमा, पासिंग, पीयूसी, टायर, सगळं चालूच असतं. गेल्या पावसाळ्यात क्लचप्लेटच्या पैशांवाचून गाडी तीन आठवडे उभी होती.

काहीजण सुचवतात, वाटेत माणसं बसवा, शंभर-शंभर रुपये घ्या. हिशेब बरोबर आहे, पण थांब्याथांब्यावर तिकीट घेऊन प्रवासी न्यायचे तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे स्टेज कॅरेजचा परवाना लागतो. तो नसताना पैसे घेतले आणि अपघात झाला, तर विम्याचाही घोळ. म्हणून आपण एक रुपयाही घेत नाही.

त्याहून अवघड म्हणजे चालक. बॅज हवा, जंगलातला रस्ता पाठ हवा, माडिया समजायला हवी. आमचा पहिला चालक खनिजाच्या ट्रकवर गेला. मी त्याला दोष देत नाही. दोन मुलं शाळेत आहेत त्याची.

आणि एक आजी. डॉक्टरांनी तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहून दिली. चारला गाडी निघणार, बाकीचे सगळे बसलेले. तिला एकटीला या शहरात कुणाकडे सोपवायचं? आम्ही उत्तर शोधत होतो, तोवर ती चिठ्ठी पदराला बांधून गाडीत चढून बसली. पुढच्या फेरीला ती आली नाही. चालक तिच्या गावी जाऊन आला, तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती.

इथल्या एका भाऊंनी दुसरी बस देऊ केली आहे. त्यांचे आभार मानून मी म्हणतो, आता बस नको. चालकाचा दोन वर्षांचा पगार द्या. आणि खापरीच्या बाजूला कुणाची एखादी खोली रिकामी असेल, दोन खाटा मावतील एवढी, तर चहानंतर मला भेटा. पुढची फेरी सोमवारी आहे.