रक्तवाहिनीचित्रणाचे देयक

(कोल्हापूर येथे आरोग्यमित्र व रुग्णालयीन लिपिकांसमोर दिलेल्या व्याख्यानातील मुख्य भाग)



रुग्णालयाच्या देयकात ‘अँजिओग्राफी’ किंवा ‘डॉपलर’ एवढाच शब्द लिहिलेला आपण नेहमी पाहता. चंदगड वा शाहूवाडीहून आलेला शेतकरी त्या शब्दासमोरील रक्कम तेवढी वाचतो. परंतु पायाचा डॉपलर म्हणजे धमन्यांचा की शिरांचा? चालताना पोटरी भरून येणाऱ्या, तंबाखूचे व्यसन असलेल्या रुग्णाच्या धमन्या पाहावयाच्या असतात. पाय एकाएकी सुजला असेल तर शिरेत रक्ताची गुठळी आहे काय, हे पाहावयाचे असते. या दोन निराळ्या तपासण्या आहेत. त्या एकाच नावाने लिहिल्या, की खर्च मंजूर करणाऱ्यास निर्णय करता येत नाही आणि कागद परत येतो. तोवर रुग्ण खाटेवरच असतो.

या शास्त्राचा थोडा इतिहास येथे उपयोगी पडेल. १९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी मेंदूतील धमन्यांचे क्ष-किरण चित्र घेतले. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार व नळी या क्रमाने धमनीत शिरण्याची सुरक्षित रीत दाखविली. १९५८ साली क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांच्या हातून चित्रद्रव्य अनपेक्षितपणे थेट हृदयधमनीत गेले आणि हृदयधमनीचित्रणाचा मार्ग खुला झाला. तेव्हापासून या तपासणीत दोन कामे आहेत : नळी नेमक्या धमनीपर्यंत नेणे आणि चित्र वाचून अहवाल देणे. अमेरिकेच्या सांकेतांक पद्धतीत रक्तवाहिन्यांच्या अनेक चित्रणांसाठी ही दोन्ही निरनिराळी मोजली जातात. आपल्याकडील शासकीय योजनांत मात्र उपचाराचा एकत्रित दर ठरलेला असतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली. २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा दर कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपये झाली. अँजिओप्लास्टीस पूर्वमंजुरी मागताना धमनीतील अडथळा दाखविणारे चित्र व अहवाल जोडावा लागतो. आयुष्मान भारतच्या उपचारसूचीत तर या उपचाराच्या नावातच निदानात्मक चित्रण समाविष्ट असल्याचे नमूद आहे. अशा वेळी चित्रणाचे पैसे रुग्णाकडून वेगळे घेणे म्हणजे एकाच कामाचे दोनदा मोल घेणे होय.

खरी कसोटी लागते ती चित्रणात अडथळा न सापडल्यास. ‘हृदयधमनीविकार’ लिहिले तर कदाचित प्रकरण पुढे सरकेल, हा मोह मोठा असतो. कित्येकदा तो रुग्णाच्या कळवळ्यातूनच उद्भवतो. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची शिस्त स्पष्ट आहे. निदान निश्चित झाले नसेल तर लक्षणच नोंदवावे. ‘छातीत दुखणे’ यास स्वतंत्र सांकेतांक आहे. न झालेला रोग एकदा कागदावर चढला, की पुढे विम्याचा अर्ज भरताना त्या माणसाला तो आपल्याला नाही, हे सिद्ध करीत बसावे लागते. म्हणून तपासणीपूर्वीच आरोग्यमित्राने सूची पाहून रुग्णास सांगावे : ही तपासणी स्वतंत्रपणे योजनेत बसते, की उपचार झाला तरच? आपण कोणता खर्च करीत आहोत, हे गरिबालाही आधी कळले पाहिजे.

स्टेंटविषयी थोडेसे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत करांखेरीज २९,६०० रुपये ठरविली, ती पुढे वेळोवेळी बदलली. त्याबरोबरच स्टेंटचे नाव, उत्पादक व किंमत देयकात वेगळी दाखविण्याचे बंधन घातले. माझ्या मते दुसरी आज्ञा पहिलीइतकीच मोलाची आहे. चित्रणासाठी वापरलेली नळी व चित्रद्रव्य यांची नोंदही अशीच सुटी व्हावयास हवी.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. घरी जाताना रुग्णाच्या हाती अहवालाबरोबर चित्रणाची तबकडीही द्यावी आणि तिच्यावर नाव, दिनांक व तपासलेला अवयव लिहावा. उद्या तो पुण्या-मुंबईस गेला, तर तेथील डॉक्टरांना नुसत्या अहवालावर विसंबावे लागत नाही. ते चित्र स्वतः पाहू शकतात, आणि तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ पुष्कळदा टळते.