साथीचा माग कोठे काढावा?



बोईसर-तारापूरसारख्या कारखान्यांच्या वस्तीत पूर्वी कोणत्या साथी आल्या आणि किती माणसे घेऊन गेल्या, असा प्रश्न निघाला की आपण प्रथम गावची मृत्यूची नोंदवही उघडतो. पण पोटासाठी आलेला मनुष्य धट्टाकट्टा असेतोवर येथे राबतो. अंथरूण धरले की गाडीत बसून मुलखाला जातो. तो तेथे वारला तर नोंद तिकडच्या दप्तरी होते. आपली वही कोरी राहते, आणि येथे काही झालेच नाही, असे आपण समजतो.

ही गोष्ट जुनीच आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढे हजारो कामकऱ्यांनी शहर सोडले. पालघर-बोईसरवरून जाणारा लोहमार्ग मुंबईला १८६४ सालीच पोचला होता. २०२० साली करोनाची टाळेबंदी झाली तेव्हाही कामगार पायी निघाले, आणि मे महिन्यापासून त्यांच्यासाठी श्रमिक गाड्या सोडाव्या लागल्या. म्हणून साथीचा माग काढणाऱ्याने वेशीवर थांबू नये. गाडी जाते तेथवर जावे.

दुसरी अडचण शब्दांची. जुन्या नोंदींत पटकी, देवी, प्लेग ही खाती निराळी. बाकीचे पुष्कळसे 'ताप' या एकाच खात्यात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्यांतील बहुतेकांची नोंद तापाखालीच झाली. मग अंदाज बांधला कसा? आधीच्या वर्षांत त्याच महिन्यांत किती मृत्यू होत ते पाहिले, आणि त्याहून जे अधिक ते साथीचे धरले. ही वजाबाकी आपणही करू शकतो. मात्र जुन्या कागदांत पालघर जिल्हा सापडणार नाही. तो २०१४ साली झाला. तेथे ठाणे जिल्ह्यातील माहीम तालुका शोधावा लागेल.

तिसरी गोष्ट भागाकाराची. चाळीत दहा माणसे आजारी पडली, एवढ्याने काय कळणार? राहणारी वीस असतील तर निम्मी चाळ आडवी झाली. दोनशे असतील तर विसावा हिस्सा. म्हणून हजेरीपट, खानावळीचा हिशेब आणि दवाखान्याची वही शेजारी ठेवून वाचावी. शिवाय विचारावे, की दुखणे एकाच खात्यात काम करणाऱ्यांना झाले, की एकाच नळाचे पाणी पिणाऱ्या साऱ्यांना? पहिले असेल तर आधी कामाकडे पाहावे, दुसरे असेल तर पाण्याकडे.

हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. साथ आली की बोट परमुलखातल्या कामगाराकडे वळते, आणि लेखी पुरावा नसला की अफवेलाच इतिहासाचा मान मिळतो. ज्यांच्या घामावर ही वसाहत उभी राहिली, त्यांचे मरण तरी आपल्या हिशेबात धरले जावे, एवढेच आमचे मागणे आहे.