जेवल्यावर साखर उतरते तेव्हा

मधुमेही माणूस घरून जेवून गोल बाजारात खरेदीला जातो. दोन तास गल्ल्या पालथ्या घालतो आणि अचानक दरदरून घाम, थरथर, धडधड, चिडचिड. बरोबरचे म्हणतात, ‘आत्ताच तर जेवलात, साखर कमी कशी होईल?’ होते. ती का, हे समजून घेऊ.

पहिलं कारण औषधाचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी पूर्ण घेतली, जेवण मात्र अर्धंच झालं. वर पायपीट, चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. दुसरं, जुन्या मधुमेहात काहींचं जठर मंदावतं. अन्न उशिरा पुढे सरकतं, इन्सुलिन आधीच कामाला लागतं. तिसरं, नव्या मधुमेहात कधीकधी स्वादुपिंड उशिरा जागं होतं. आपल्या रायपुरी पोहे-जिलेबीने साखर झपकन चढते, मग इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि दोन ते पाच तासांनी साखर खाली येते.

मी फौजी, म्हणून उपाय कवायतीसारखा सांगतो. ग्लुकोमीटरवर आकडा 70च्या खाली दिसला, की तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम साखर पाण्यात घालून प्या. 15 मिनिटं थांबा. पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. यंत्र जवळ नसेल तर वाट पाहू नका, साखर घ्या. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी साखरेऐवजी ग्लुकोज पावडरच घ्यावी. बरं वाटल्यावर, पुढचं जेवण लांब असेल तर थोडं खाऊन घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

एक सावधगिरी. रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गोळ्यांमुळे थरथर, धडधड दबते; घाम मात्र येतो. तो उन्हाचा समजून सोडू नका.

आणि भीतीने स्वतःच गोळी बंद करू नका. औषध, जेवण, चालणं आणि साखर, चारही वेळेसह वहीत लिहा. असं वारंवार होत असेल तर ती वही लगेच डॉक्टरांपुढे ठेवा. डोस किंवा वेळ तेच बदलतील.

वाढलेली साखर वर्षानुवर्षं पोखरते, उतरलेली मिनिटांत पाडते. तेव्हा ग्लुकोजची पुडी खिशात असू द्या, आणि ती कुठल्या खिशात आहे हे घरच्यांनाही सांगून ठेवा.