अम्मीची कवळी

अम्मीची खालची कवळी बहुतेक वेळ पाण्याच्या वाटीत पडून असायची. जेवायला बसली की ती आधी कवळी काढून ठेवायची आणि भाकरी रश्श्यात कुस्करून खायची. "एवढे पैसे घालून करून घेतली, मग वापरत का नाहीस?" म्हणून मी तिच्यावर कितीदा चिडलो असेन! "चुभती रे बेटा," एवढंच ती म्हणायची. मला तो हट्ट वाटायचा.

ती गेल्यावर एका दंतवैद्य मित्रानं जबड्याचं हाड समजावून सांगितलं, तेव्हा मान खाली गेली. खालच्या जबड्याचा वरचा काठ असतो तो दातांसाठीच. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात. चावताना ते हाडाला ओढ देतात आणि त्या ओढीवर हाड टिकतं. दात गेला की ओढ संपली. शरीर ते हाड हळूहळू परत घेतं. पहिल्या वर्षात झीज सर्वांत जास्त, पण पुढंही ती चालूच राहते. कवळी ओढत नाही, नुसती दाबते. कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांचा अभ्यास टॉलग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याची पुढची उंची वरच्यापेक्षा सुमारे चौपट घटलेली दिसली.

हनुवटीच्या दोन्ही बाजूंना या हाडात एकेक छिद्र असतं. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस तिथून बाहेर येते. तरुणपणी हे छिद्र हाडाच्या साधारण मध्यावर असतं. वरचं हाड फारच झिजलं की ते काठाशी येतं आणि कवळी नेमकी त्या नसेवर बसते. मग घासागणिक कळ.

चेहराही बदलतो. दातांचा अडसर नसल्यानं मिटताना जबडा जास्त वर येतो, हनुवटी पुढं सरकून नाकाशी सलगी करते, ओठ आत वळतात. आपण याला बोळकं म्हणतो. तान्ह्या बाळाच्या तोंडालाही तोच शब्द!

परवा माझी एक दाढ काढावी लागली. डॉक्टरांना पहिलाच प्रश्न विचारला, "तिथलं हाड राहील ना?" ते म्हणाले, "टायटॅनियमचं रोपण केलं तर बरंचसं राहील." खर्च ऐकून घरी आलो. बायकोशी बोलणं चालू आहे.