पाखरांचा शिधा आणि माझं एक्सेल

 

तीस वर्षांनी या सभागृहात उभी आहे आणि अजूनही हात मागे बांधावेसे वाटतायत. संयोजक मंडळींनी मला फोनवर बजावलं होतं, "सॉफ्टवेअरवर बोलू नकोस. आपल्यातले निम्मे तेच करतात. नोकरीबाहेर काय करतेस ते सांग." मी म्हटलं, "मी पाखरांच्या खाण्याचा हिशोब ठेवते." पलीकडे बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बरं, दहा मिनिटं." तर ही ती दहा मिनिटं.

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीला लागून हेरफर्डशायर नावाचा परगणा आहे. सफरचंदाच्या बागा, गुरांची कुरणं आणि टेकड्यांवर ओकची रानं. २०२० मध्ये माझं ऑफिस कायमचं घरी आलं, तेव्हा आम्ही शहर सोडून तिथल्या एका खेड्यात राहायला गेलो. गावात ओळख व्हावी म्हणून मी हो म्हणत गेले, आणि एका 'हो'मधून हे काम गळ्यात पडलं.

तिथे फेझंट नावाचा पक्षी असतो. मोर, रानकोंबडा आणि फेझंट हे एकाच कुळातले. नर मोठा देखणा. तांब्यासारखं अंग, हिरवंगार डोकं, गळ्यात पांढरं कडं, डोळ्यांभोवती लाल कातडी आणि लांब शेपूट. मूळचा आशियातला, पण शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी तिकडे नेलेला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यामुळे शिकारीचा विषय संपला. तिकडे फेझंटची शिकार कायदेशीर आहे. हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. मोठ्या जहागिरींवर पगारी राखणदार असतात आणि श्रीमंत पाहुणे पैसे मोजून बंदुका चालवायला येतात. आमच्या गावातलं काम म्हणजे गल्लीतलं गणेश मंडळ. चौदा सभासद, वर्गणी काढायची आणि सगळं स्वतः करायचं. कुंपण घालणारा सुतार, पाणी वाहणारा निवृत्त पोस्टमन, हाकारे म्हणून गावातली पोरंटोरं. हंगामात सात-आठ दिवस शिकार होते, आणि मिळालेले पक्षी घरोघरी वाटून घेऊन शिजवले जातात.

मंडळाचे प्रमुख सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आहेत. रान त्यांचंच. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते अजून सहज निघत नाही. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणते. २०२१ मध्ये त्यांनी मला खाद्याच्या बिलांनी भरलेला बुटांचा खोका दिला आणि म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली ना? यातून काही अर्थ लागतो का बघ."

मग काय! मी एक्सेल उघडलं.

हिशोब वरवर सोपा आहे. जुलैच्या शेवटी सात आठवड्यांची तीनशे पिल्लं विकत आणायची. रानात जाळीचा, वरून उघडा वाडा असतो, त्यात ती सोडायची. एका हेक्टरमागे हजारापेक्षा जास्त पाखरं नकोत असा तिथला संकेत आहे, म्हणजे आमचा वाडा पाऊण एकराचा. सुरुवातीला कारखान्यात तयार झालेलं गोळी खाद्य द्यायचं. त्यात वाढत्या पिल्लांना लागणारी प्रथिनं असतात. मग हळूहळू त्यात गहू मिसळायचा. आधी चौथाई, मग निम्मा, मग पाऊण. पिसं पुरती आली, वाढ झाली, की नुसता गहू. मोठ्या पाखराला दिवसाला साधारण साठ ग्रॅम, हा आमचा ठोकताळा. तीनशे पाखरांना अठरा किलो. ऑक्टोबर ते जानेवारी हे १२३ दिवस. म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. मी हे गणित सरांना दाखवलं असतं तर त्यांनी खाली लाल पेनाने 'शाबास' लिहिलं असतं.

पहिल्या वर्षी मला गळती सापडली. गहू ठेवायला निळी प्लास्टिकची पिंपं असतात, तळाला स्प्रिंग बसवलेली. पाखराने चोच मारली की चार दाणे पडतात. अशी बारा पिंपं. माझ्या हिशोबाने आठवड्याला १२६ किलो गहू संपायला हवा होता. प्रत्यक्षात दोनशे किलोच्या आसपास जात होता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अशा वेळी फार आनंद होतो. मी झाडाला रात्रीचा कॅमेरा बांधला. खारी, कबुतरं, उंदीर आणि दोन छोटी हरणं मुक्कामालाच होती! एक खार तर स्प्रिंगला लोंबकळून झोके घेत होती. मग आम्ही पिंपं पायांवर उंच केली, उंदरांनी बिळं करू नयेत म्हणून दर काही आठवड्यांनी त्यांची जागा बदलू लागलो, आणि थोडा गहू रोज हाताने टाकायला लागलो. खर्च उतरला. सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. तिथेच माझं डोकं थोडं फिरलं.

दुसरं वर्ष २०२२. युक्रेनच्या युद्धाने गव्हाचे भाव भडकले. बर्ड फ्लूमुळे फ्रान्समधून येणारी अंडी आणि पिल्लं अडली. कित्येक मंडळांनी त्या वर्षी हंगामच रद्द केला. आम्हाला तीनशे पिल्लं कशीबशी मिळाली, तीही महाग. पैसे वाचवायला हवे होते. गोळी खाद्य गव्हापेक्षा महाग. मी तक्त्यात पाहिलं, गोळी खाद्यावरून गव्हावर यायला आपण चार आठवडे घेतो. ते दहा दिवसांत केलं तर? आकडा बदलला. खालची बेरीज लगेच सुंदर झाली.

आजोबांनी तक्ता पाहिला आणि एवढंच म्हणाले, "जरा घाई होतेय." मी त्यांना समजावलं. इंग्रजीत माझं समजावणं फार पटण्यासारखं असतं. ते गप्प बसले.

ऑगस्टच्या त्या कोरड्या दिवसांत पिल्लांना अख्खा गहू मिळायला लागला. त्यांची वाढ अजून चालू होती, पिसं बदलत होती, आणि प्रथिनं मी काढून घेतली होती. पाखराला हवं ते एका जागी मिळालं नाही की ते शोधायला निघतं. ती निघाली. जाळीवरून उडून शेतात, शेतातून रस्त्यावर. सकाळी मला रस्त्यावर चिरडलेली पिल्लं दिसायची. एका सकाळी मी पाच मोजली. जी उरली त्यांची पाठ उघडी, पिसं विस्कटलेली. आम्ही घाईने पुन्हा गोळी खाद्य आणलं. वाचवलेल्या पैशांहून जास्त पैसे गेले. ऑक्टोबरात हाकारे रानातून काठ्या आपटत निघाले तेव्हा मागच्या वर्षीच्या निम्मीही पाखरं उडाली नाहीत.

मला कुणी बोललं नाही. इंग्रज माणूस बोलत नाही, चहा पुढे करतो. मीच आजोबांकडे गेले आणि माफी मागितली. ते म्हणाले, "तुझा हिशोब बरोबर होता. पण पाखरांना वाचता येत नाही." मग म्हणाले, "उद्या सकाळी सातला ये. लॅपटॉप आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागे चालले. रानातल्या एका पायवाटेवर गव्हाचं काड पसरलेलं असतं. त्यात ते मुठीने दाणे फेकतात, म्हणजे पाखरं उकरत बसतात, गुंतून राहतात. फेकताना रोज त्याच वेळी तीच शिट्टी. अगदी आपल्या शिपाईकाकांच्या घंटेसारखी. शिट्टी झाली की पाखरं येतात. मी दाण्यांकडे बघत होते, आजोबा पाखरांकडे. ते म्हणाले, "धावत आली तर कमी पडतंय, वाढव. चालत आली तर बरोबर आहे. आलीच नाहीत तर रानात ओकची फळं पडलीयेत किंवा काटेरी झुडपांना बोरं लागलीयेत. तेव्हा गहू कमी कर, पण शिट्टी थांबवू नकोस. कडाक्याची थंडी पडली की ती फळं संपतील आणि त्यांना तुझी आठवण येईल."

मी घरी येऊन तक्त्यात एक नवा रकाना घातला. त्यात तीनच अक्षरं चालतात. धा, चा आणि ना. धावत, चालत, नाही. रोज जो कुणी खाऊ घालेल त्याने ते भरायचं. आजही आमच्या तक्त्यातला सगळ्यात कामाचा रकाना तोच आहे, आणि तो मराठीत आहे. चौदा इंग्रज रोज 'धा' आणि 'चा' लिहितात.

आता जरा अवघड गोष्ट. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, "अगं, ज्यांना खाऊ घालतेस त्यांनाच मारायचं?" मी बंदूक धरत नाही. पण तेवढं सांगून सुटका होत नाही, कारण माझ्या शिट्टीवरच ती पाखरं त्या रानात टिकतात. ब्रिटनमध्ये दरवर्षी काही कोटी फेझंट सोडले जातात आणि त्यावर तिथेही मोठा वाद आहे. आईला देण्यासारखं पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही नाही. अर्धं मात्र आहे, ते सांगते.

१ फेब्रुवारीला शिकार संपते. सोडलेल्यांपैकी काही पाखरं तेव्हा जिवंत असतात. बऱ्याच ठिकाणी मग पिंपं उचलतात, कारण आता त्या गव्हाचा कुणाला काही उपयोग नाही. आणि नेमकी फेब्रुवारी ते मे ही रानातली खरी उपासमारीची वेळ. जुनी फळं, बिया संपलेल्या, नवं काही आलेलं नाही. एप्रिलमध्ये मादी जमिनीवरच घरटं करते, दहा-बारा अंडी घालते आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ एकटी उबवते. अंगात काही नसेल तर ती काय उबवणार? मला त्या वर्षी कळलं की आजोबा गेली कित्येक वर्षं स्वतःच्या खळ्यातला गहू मेपर्यंत टाकत होते. तो बुटांच्या खोक्यात नव्हता. म्हणून माझ्या तक्त्यातही नव्हता. त्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं.

मार्च २०२३ च्या वार्षिक सभेत मी उभी राहिले. मागच्या हंगामाचं नुकसान माझ्यामुळे झालेलं, आणि मीच जास्त खर्च मागत होते. पाय लटपटत होते. मी फळ्यावर मांडलं. उरलेली पाखरं अंदाजे शंभर, रोज सहा किलो, १ फेब्रुवारी ते १५ मे हे १०४ दिवस. ६२४ किलो. पंचवीस किलोच्या पंचवीस गोण्या. एक सभासद म्हणाले, "त्या पैशात पुढच्या वर्षीची पिल्लं येतील." मी म्हटलं, "हो. म्हणून पुढच्या वर्षी पन्नास पिल्लं कमी आणूया. जी आहेत त्यांना आधी जगवूया. तेही पटत नसेल तर हिशोबाला दुसरं कुणी बघा." आठ विरुद्ध सहा. ठराव मंजूर झाला. तेव्हापासून आम्ही अडीचशेच पिल्लं आणतो. हिशोब अजून माझ्याकडेच आहे, आणि एप्रिलमध्ये त्या पिंपांखाली पिवळ्या डोक्याच्या रानचिमण्याही येतात. त्यांचा शिधा मी खर्चात धरलाय. आईला मी सांगितलं, "आणलं आपण, तर हंगाम संपला म्हणून हात झटकायचे नाहीत. एवढं मी करू शकते." आई म्हणाली, "एवढं तरी कर."

हे सगळं इथे का सांगितलं? पाचवीत असताना माझ्या वडिलांची नोकरी सुटली होती. मी काही दिवस डबा आणत नव्हते आणि मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिऊन यायचे. हजेरीपटात मी रोज 'उपस्थित' होते. पण आपल्या वर्गशिक्षिका बाई हजेरी घेताना प्रत्येक नावाला मान वर करून बघायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खडू आणायला म्हणून शिक्षकांच्या खोलीत पाठवलं. तिथे त्यांचा डबा उघडा होता आणि अर्धी भाकरी माझ्यासाठी बाजूला काढलेली होती. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, मलाही नाही. बाई आज समोर बसल्यात. त्यांना आठवत नसेल. बाई, मान वर करून बघायला मला चाळिशीत, दुसऱ्या देशात, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून पुन्हा शिकावं लागलं. पहिला धडा तुमचा होता.

मी इथे आहे म्हणून या आठवड्यात आजोबांचा नातू खाऊ घालतोय. या भाषणाला उभी राहण्याआधी फोन पाहिला. त्याने आजचा रकाना भरलाय. 'चा'.